हा विसावा कोणी दिला?
(लिव्हरपूल नगरसभेच्या मानचिन्हाविषयी एक व्याख्यान)



एका विलायती शहराच्या नगरसभेचे मानचिन्ह हा आजचा विषय आहे असे कळताच काही मंडळींनी मला सरळ विचारले की, ढाल, तुरा, पक्षी आणि लॅटिन वचन ह्या सरदारी थाटाच्या वस्तूंशी आपल्या माणसांना काय कर्तव्य आहे? प्रश्न रास्त आहे. परंतु चिन्हाची किंमत आपण जाणत नाही असे मात्र कोणी समजू नये. १९४१ साली उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटच्या बिल्ल्यावर कोरेगावचा विजयस्तंभ होता, आणि पुढे तो जाऊन त्याच्या जागी कट्यार आली, ही गोष्ट आपल्यातील जुन्या शिपायांच्या घरोघरी ठाऊक आहे. एवढ्याशा पितळी तुकड्यावर काय ठेवावे आणि काय काढावे ह्याचा कोणीतरी, कोठेतरी, कागदावर निर्णय करतो. तो निर्णय कोण करतो आणि कशासाठी करतो, हे पाहणे हाच माझ्या बोलण्याचा उद्देश आहे.

दुसरे असे की, नगरसभा म्हणजे काय चीज आहे, हे आपणांस पुस्तकातून शिकावे लागले नाही. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे सर्वांस खुले असल्याचा ठराव केला. १९२७ च्या मार्च महिन्यात आपली माणसे त्या ठरावावर विश्वास ठेवून पाण्यापर्यंत गेली, तेव्हा त्यांची डोकी फुटली. आणि त्याच वर्षीच्या ४ ऑगस्ट रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. पाणी कोणी प्यावे, रस्त्यावरून कोणी चालावे, कोणाच्या वस्तीत नळ जावा, हे ठरविणारी सत्ता राजवाड्यात नसते, ती गावाच्या कचेरीत असते. त्या कचेरीच्या दारावर जे चिन्ह लावलेले असते ते आपण वाचावयास शिकले पाहिजे.

व्याख्यानाच्या वेळी मी श्रोत्यांना एक चित्र दाखविले होते. वाचकांच्या हाती ते नाही. म्हणून त्यांनी एक कोरा कागद घ्यावा आणि मी सांगतो तसे मनातल्या मनात रेखाटीत जावे.

मध्यभागी एक ढाल काढा. तिचा रंग पांढरा, म्हणजे मानचिन्हांच्या भाषेत चांदीचा. तीवर एक पाणकावळा उभा आहे. त्याच्या चोचीत लेव्हर नावाच्या समुद्रशेवाळाची एक डहाळी आहे. ढालीच्या वर तुरा असतो. तेथेही पुन्हा तोच पाणकावळा, पण पंख उचललेला. ढालीला दोन्ही बाजूंनी दोघे धरून उभे आहेत. एका बाजूस समुद्रदेव नेपच्यून, हिरव्या वस्त्राचा, डोक्यावर सोन्याचा मुकुट आणि हातात काळा त्रिशूळ. दुसऱ्या बाजूस ट्रायटन नावाचा सागरपुरुष, तोंडाला शंख लावलेला. दोघांच्याही हाती निशाणे आहेत. नेपच्यूनच्या निशाणावर पुन्हा ढालीचेच चित्र, आणि ट्रायटनच्या निशाणावर शिडे उभारून निघालेले एक जहाज. ह्या सर्वांच्या खाली फितीवर एक लॅटिन वचन आहे. हा विसावा आम्हांला देवाने दिला, असा त्याचा अर्थ.

हे लिव्हरपूलचे मानचिन्ह होय. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मर्सी नदीच्या मुखाशी वसलेल्या ह्या बंदराच्या नगरसभेला ते १७९७ सालच्या मार्च महिन्यात रीतसर सनदेने मिळाले. मानचिन्हे देण्याचा अधिकार इंग्लंडात राजाच्या हेरल्ड नामक अधिकाऱ्यांकडे असतो. त्यांच्या संस्थेस १४८४ साली राजसनद मिळालेली आहे, आणि त्यांच्या वहीत नोंद झाल्यावाचून कोणाही माणसाला वा नगराला ढाल मिरविता येत नाही. कोणाचे कुळ कोणते आणि कोणाला कोणते चिन्ह शोभते ह्याचा निवाडा करणारे अधिकारी, त्यांच्या वह्या, त्यांची दक्षिणा! आपल्या वाचकांना हा प्रकार अगदीच अनोळखी वाटू नये.

प्रथम पक्ष्याची हकीकत सांगतो, कारण ती मोठी मौजेची आहे. इंग्लंडच्या जॉन राजाने १२०७ साली लिव्हरपूलला पहिली सनद दिली. त्यानंतर गावाने जी मोहर करविली तीवर एक गरुड होता. जॉन राजाचा संरक्षक संत म्हणजे संत जॉन, आणि त्या संताचे वाहन म्हणा, खूण म्हणा, गरुड. म्हणून तो गरुड. त्याच्या चोचीतील डहाळी ही बहुधा राजघराण्याची खूण असलेल्या जेनिस्टा झुडपाची होती. खोदणारा कारागीर मात्र बेताचाच असावा, कारण गरुड काही गरुडासारखा दिसेना. पुढे १६४४ साली यादवी युद्धात गावाला वेढा पडला, त्या धामधुमीत ती मोहर नाहीशी झाली, आणि नवी करताना नकलेची नक्कल होऊन पक्षी आणखीच बदलला. शतकभरात लोक त्याला पाणकावळा म्हणू लागले. मग चोचीतील डहाळी समुद्रशेवाळाची झाली. त्या शेवाळाचे नाव लेव्हर म्हणून पक्षी लिव्हर झाला. आणि लिव्हर पक्ष्यावरून गावाचे नाव लिव्हरपूल पडले अशी कथाही तयार झाली. वस्तुतः गावाचे नाव गढूळ पाण्याच्या डोहावरून आलेले आहे. चूक आधी, तिला शोभेल अशी कथा मागाहून, आणि शेवटी त्या कथेवर सरकारी शिक्का, हा क्रम ज्यांनी आपल्याकडील स्थळमाहात्म्ये आणि जातिपुराणे वाचली आहेत त्यांच्या ध्यानात लगेच येईल. पाणकावळ्याच्या कथेने कोणाचे पाणी तोडले नाही, एवढाच काय तो फरक.

पक्ष्याला येथेच सोडू. नेपच्यून आणि ट्रायटन ह्यांच्याविषयीही फार बोलण्याचे कारण नाही. समुद्रावर जगणाऱ्या गावाने समुद्राचे देव उभे केले, ह्यात नवल ते काय? माझे लक्ष ट्रायटनच्या निशाणावरील जहाजाकडे आहे. शिडे उभारून निघालेले हे जहाज १७९७ साली कोठे निघाले होते?

लिव्हरपूलहून गुलामांच्या व्यापारासाठी निघालेले पहिले ज्ञात जहाज १६९९ सालचे आहे. ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेले, आणि पुढल्या वर्षी वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर त्याने २२० माणसे उतरविली. तेथून पुढे १८०७ पर्यंत ह्या एका बंदरातील जहाजांनी सुमारे ५,००० फेऱ्या केल्या आणि सुमारे १५ लक्ष आफ्रिकी माणसे अटलांटिकपार नेली. मार्गात किती मेली त्यांचा हिशेब वेगळा. १७९० च्या दशकात ब्रिटनच्या एकंदर गुलाम-व्यापारापैकी सुमारे तीन-चतुर्थांश लिव्हरपूलच्या हातात होता. म्हणजे हे मानचिन्ह जेव्हा मागितले गेले, तेव्हा तो व्यापार ऐन भरात होता. आणि मागणारी नगरसभा ह्याच व्यापाऱ्यांनी भरलेली होती. गावचे बहुतेक प्रमुख व्यापारी आणि अनेक महापौर ह्या धंद्यात भागीदार होते.

त्यांपैकी एकाची गोष्ट सांगतो. विल्यम ग्रेगसन हा १७६२ साली लिव्हरपूलचा महापौर होता. त्याच्या मंडळीच्या मालकीचे झाँग नावाचे जहाज १७८१ साली ४४२ आफ्रिकी माणसे भरून जमैका बेटाकडे निघाले. वाट चुकली, रोगराई झाली, माणसे मरू लागली. त्या काळच्या विमा-कायद्याप्रमाणे गुलाम आजाराने मेला तर नुकसान मालकाचे. परंतु जहाज वाचविण्यासाठी माल समुद्रात टाकावा लागला तर भरपाई विमा कंपनीने द्यावयाची. पाणी पुरणार नाही असे कारण सांगून जहाजावरील लोकांनी काही दिवसांच्या अवधीत १३० च्या आसपास जिवंत माणसे समुद्रात फेकली. मालकांनी दर माणसामागे ३० पौंड मागितले. खटला झाला, तो खुनाचा नव्हे, विम्याचा! ज्यूरीने आधी निकाल मालकांच्या बाजूने दिला. मुख्य न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफील्ड ह्यांनी पुढे फेरसुनावणीची आज्ञा केली खरी, पण ज्यूरीपुढे हा प्रश्न कसा होता हे त्यांनीच सांगून ठेवले आहे: समुद्रात घोडे टाकले असते तर जसा असता, तसाच. ही बातमी लंडनमधील गुलामगिरीविरोधी कार्यकर्ते ग्रॅनव्हिल शार्प ह्यांच्या कानावर १७८३ साली ज्याने घातली तो ओलाउडा इक्विआनो स्वतः एके काळी गुलाम होता, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे. पीडितांची बातमी पीडितालाच पोहोचवावी लागली.

आता पुन्हा त्या कागदावरील चित्राकडे पाहा. देव आहेत, पक्षी आहेत, शंख आहे, जहाज आहे. ज्यांच्या अंगावर हे वैभव उभे राहिले ते कोठे आहेत? कोठेच नाहीत.

असे कोणी म्हणेल की, मानचिन्हात अशा गोष्टी दाखविण्याची चालच नसेल. तसे नाही. चाल होती. इंग्रजांपैकी ह्या व्यापारात प्रथम मोठी लूट करणारा जॉन हॉकिन्स ह्याला १५६५ साली ह्याच हेरल्ड अधिकाऱ्यांनी तुरा बहाल केला. तो तुरा म्हणजे दोराने बांधलेल्या आफ्रिकी माणसाची कमरेपर्यंतची आकृती होय. हॉकिन्सला लाज वाटली नाही, आणि देणाऱ्यालाही वाटली नाही. २३२ वर्षांनंतर लिव्हरपूलने तीच कमाई पाणकावळ्याच्या पंखांखाली झाकली. ह्या दोहोंत अधिक बरे कोणते, असा प्रश्न मला एका तरुण श्रोत्याने विचारला. मी त्याला सांगितले की, हॉकिन्सच्या तुऱ्याने निदान साक्ष तरी दिली आहे. दोर कोणाच्या हातात होता आणि कोणाच्या अंगावर होता, हे त्यात स्पष्ट दिसते. लिव्हरपूलच्या ढालीवर गुन्ह्याची खूण उरलेली नाही, आणि उपकारकर्ता म्हणून देवाचे नाव लागलेले आहे.

आता त्या वचनाकडे वळतो. तेथेच खरी मेख आहे.

हे शब्द लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांनी रचलेले नाहीत. रोमन कवी व्हर्जिल ह्याच्या गोपगीतांपैकी पहिल्या गीतातून ते उचललेले आहेत. त्या काळी इंग्लंडातील सभ्य गृहस्थाला थोडेफार लॅटिन येणे हे आपल्याकडील संस्कृतासारखे प्रतिष्ठेचे होते, आणि वचन निवडणाऱ्यांनी शब्दांचा गोडवा पाहिला. ते गीत मात्र त्यांनी पुरते वाचले होते काय, ह्याची मला शंका आहे. कारण त्या गीतात दोन गुराखी बोलतात. रोममधील यादवी संपल्यावर विजयी सेनापतींनी आपल्या शिपायांना वाटण्यासाठी इटलीतील शेतकऱ्यांच्या जमिनी हिसकावल्या, त्या काळची ती गोष्ट आहे. मेलिबियस नावाचा एक गुराखी आपली शेतीवाडी गमावून, शेळ्या हाकीत देशोधडीला लागला आहे. वाटेत त्याला टिटिरस झाडाच्या सावलीत स्वस्थ पडून पावा वाजविताना दिसतो. तुला हे स्वास्थ्य कसे लाभले, असे विचारल्यावर टिटिरस जे उत्तर देतो, तेच लिव्हरपूलच्या फितीवर आहे.

हा टिटिरस कोण? तो गुलाम होता. दाढी पांढरी होईपर्यंत गुलामीत राहून, अखेर स्वातंत्र्य मिळविण्यासाठी तो रोमला गेला; तेथे एका तरुण सत्ताधीशाने त्याला पूर्वीप्रमाणे गुरे चारण्याची मुभा दिली. त्या तरुणालाच तो देव म्हणतो. जाणकारांच्या मते हा तरुण म्हणजे पुढे सम्राट झालेला ऑक्टेव्हियन. म्हणजे ज्याच्या पक्षाने मेलिबियसची जमीन घेतली तोच!

ह्या एका वचनात केवढा इतिहास दडलेला आहे तो पाहा. एका सुटलेल्या गुलामाच्या तोंडचे शब्द पंधरा लक्ष माणसांना गुलाम करणाऱ्या नगरीने आपल्या ढालीखाली घातले. त्या गीतात देव म्हणून ज्याला हात जोडले तो आकाशातला कोणी नसून जमिनी देणारा आणि जमिनी घेणारा माणूस होता. आणि ज्याला तो विसावा मिळाला नाही तो मेलिबियस गीतात आहे, त्याचे दुःख गीतात आहे, कवीने त्यालाही पुरेपूर बोलू दिले आहे. ढालीवर मात्र त्याला जागा नाही. लिव्हरपूलकरांनी संवादातील एका बाजूचे अर्धे वाक्य घेतले आणि दुसरी बाजू कापून टाकली.

आपल्या माणसांना हा प्रकार समजावून सांगण्याची गरज नाही. एकाला विसावा आहे तो पूर्वपुण्याईने, दुसऱ्याला मैला वाहावा लागतो तो पूर्वकर्माने, आणि दोन्ही ईश्वरी योजना, हे शास्त्र आपण हजारो वर्षे ऐकले. माणसाने केलेली व्यवस्था देवाच्या नावावर चढविली की तिच्याविरुद्ध दाद मागावयाची कोणाकडे? मुंबई महानगरपालिकेच्या चिन्हाखालीही जेथे धर्म तेथे जय ह्या अर्थाचे संस्कृत वचन आहे. वचन सुंदर आहे. पण धर्म कोणता, हे त्यात सांगितलेले नाही. आणि त्या पालिकेच्या गाड्यांतून शहराची घाण वाहणारे हात पिढ्यान्पिढ्या कोणत्या जातींचे होते, हे मुंबईकराला विचारावे लागत नाही.

लिव्हरपूलमध्ये ह्याविरुद्ध बोलणारे कोणीच नव्हते, असे म्हणणे अन्यायाचे होईल. एडवर्ड रश्टन हा त्या गावचा कवी. तरुणपणी तो गुलामांच्या जहाजावर खलाशी होता. जहाजाच्या तळाशी डोळ्यांच्या साथीने आंधळ्या होत चाललेल्या बंदिवानांना अन्नपाणी देण्यासाठी तो उतरला आणि त्या रोगाने स्वतःची दृष्टी गमावून बसला. १७९१ साली त्याच्या प्रयत्नाने लिव्हरपूलला अंधांची शाळा निघाली. आणि ज्या १७९७ साली नगरसभेला ही ढाल मिळाली त्याच साली रश्टनने अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टनला लिहिलेले खरमरीत पत्र छापून प्रसिद्ध केले: स्वातंत्र्याचा सेनापती म्हणविणारे तुम्ही घरी गुलाम कसे बाळगता, असा त्याचा आशय होता. दुसरा विल्यम रॉस्को. माळ्याचा मुलगा, पुढे विद्वान आणि संसद-सदस्य. १८०७ साली गुलाम-व्यापार बंद करण्याच्या कायद्याच्या बाजूने तो उभा राहिला, आणि गावी परतला तेव्हा दंगा करणाऱ्या जमावाने त्याचे स्वागत केले. कायदा झाल्यावरही, आधी परवाना घेतल्याच्या आधारावर, ब्रिटनचे शेवटचे कायदेशीर गुलाम-जहाज त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बंदरातून निघाले. ते बंदरही लिव्हरपूलच.

ह्याच काळात आणखी एक चिन्ह इंग्लंडभर फिरत होते. १७८७ साली लंडनमध्ये गुलाम-व्यापाराविरुद्ध समिती स्थापन झाली, तिची मोहर ती. जोसाया वेजवुड ह्या कुंभारकामाच्या कारखानदाराने तिचे हजारो बिल्ले काढले. त्यात साखळदंड घातलेला एक आफ्रिकी माणूस गुडघे टेकून, हात जोडून, मी माणूस आणि तुमचा बंधू नव्हे काय, असा प्रश्न विचारीत आहे. ह्या बिल्ल्याने मोठे काम केले हे मी मान्य करतो. लिव्हरपूलच्या फितीवर विधान आहे, येथे प्रश्न आहे. ढालीवर जो नव्हता तो येथे मध्यभागी आहे. तरी त्याचे ते टेकलेले गुडघे मला बोचतात. १७९१ साली कॅरिबियन समुद्रातील सेंट डोमिंग ह्या फ्रेंच वसाहतीतले गुलाम उठले. १७९७ साली, म्हणजे पुन्हा त्याच वर्षी, एके काळचा गुलाम तूसाँ लूव्हेर्तूर तेथील सैन्याचा सरसेनापती झाला. आणि १८०४ च्या पहिल्या दिवशी त्या भूमीने हैती ह्या नावाने आपले स्वातंत्र्य जाहीर केले. हैतीच्या मानचिन्हात ताडाच्या झाडावर स्वातंत्र्याची टोपी आहे आणि भोवती तोफा आहेत. गुडघे टेकलेला कोणीही त्यात नाही.

आता ह्या लांबच्या गोष्टीशी आपला धागा कोठे जुळतो ते थोडक्यात सांगतो. जोतीराव फुले ह्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, तो निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या अमेरिकेतील लोकांस अर्पण केलेला आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली अमेरिकेतील निग्रो विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस ह्यांना पत्र लिहून, संयुक्त राष्ट्रसंघाकडे निग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागविली होती. धागा विचारांचा आहे तसाच बाजाराचाही आहे. १८६१ ते १८६५ च्या अमेरिकन यादवीत दक्षिणेच्या गुलामांनी वेचलेला कापूस लिव्हरपूलला पोहोचेनासा झाला, तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांसाठी मुंबईहून कापूस गेला. त्या पैशाने मुंबईत बँका निघाल्या, समुद्र हटविण्याच्या योजना निघाल्या, आणि युद्ध संपताच १८६५ साली सर्व कोसळले. शेटजींच्या चढउताराचा इतिहास लिहिला गेला आहे. खानदेश-वऱ्हाडच्या रानांत बोंडे वेचणाऱ्या मजुरांचा अद्याप कोणी नीट लिहिलेला नाही.

आणि एक गोष्ट तर थेट आपल्या देशातील दीनांची आहे. १८३३ च्या कायद्याने ब्रिटिश वसाहतींतील गुलामगिरी रद्द करताना पार्लमेंटने दोन कोटी पौंडांची भरपाई मंजूर केली. ती गुलामांच्या मालकांना. ज्यांनी पिढ्यान्पिढ्या फुकट राबून घेतले त्यांना भरपाई, आणि जे राबले त्यांना छदामही नाही. ह्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश करदात्यांच्या पैशातून २०१५ साली पूर्ण फिटले. ह्या भरपाईचा एक लक्ष पौंडांहून मोठा वाटा जॉन ग्लॅडस्टन ह्या लिव्हरपूलच्या व्यापाऱ्याने घेतला. पुढे चार वेळा पंतप्रधान झालेल्या ग्लॅडस्टनचा हा पिता. गुलाम सुटणार म्हणून त्याला मजुरांची चिंता पडली, आणि त्याने १८३६ साली कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र लिहून हिंदी मजूर मागविले. १८३८ सालच्या मे महिन्यात 'व्हिटबी' आणि 'हेस्परस' ही दोन जहाजे सुमारे ४०० माणसे घेऊन ब्रिटिश गियानाच्या किनाऱ्याला लागली. त्यांत छोटा नागपूरच्या डोंगरांतील आदिवासी पुष्कळ होते. करारावर अंगठा होता म्हणून त्यांना गुलाम म्हणावयाचे नाही, एवढीच सुधारणा झाली होती.

पाणकावळ्याची पुढची हकीकत थोडकी आहे. १९११ साली बंदरावर लिव्हर विमा मंडळीची भव्य इमारत उभी राहिली. तिच्या दोन मनोऱ्यांवर तांब्याचे दोन प्रचंड लिव्हर पक्षी बसविले. त्यांची आकृती करणारा शिल्पी कार्ल बार्टेल्स जन्माने जर्मन होता. पहिल्या महायुद्धात ह्याच कारणासाठी त्याला कैदेत टाकले, आणि युद्ध संपल्यावर इंग्लंडबाहेर काढले. पक्षी राहिले, त्यांचा कर्ता गेला. आता फुटबॉलच्या वेडामुळे हा पक्षी आपल्या खेड्यांतील पोरांच्या सदऱ्यांवरही दिसतो, आणि तो कोठला म्हणून विचारले तर त्यांना सांगता येत नाही. त्याच बंदरात १९१९ सालच्या जून महिन्यात चार्ल्स वूटन नावाच्या काळ्या खलाशाचा जमावाने पाठलाग केला. तो गोदीच्या पाण्यात पडला आणि बुडून मेला. नेपच्यूनच्या ढालीखाली विसाव्याचे वचन तेव्हाही होते.

१९९९ सालच्या ९ डिसेंबर रोजी, ते शतक संपण्याच्या आधी, लिव्हरपूलच्या नगरसभेने गुलाम-व्यापारातील आपल्या शहराच्या वाट्याबद्दल ठराव करून क्षमा मागितली. २००७ साली जुन्या गोदीत आंतरराष्ट्रीय गुलामगिरी संग्रहालय उघडण्यात आले. महाडचे उदाहरण ज्यांच्या स्मरणात आहे ते ठरावावर एकदम भाळणार नाहीत, हे मी जाणतो. पण हा ठराव मागे घेतला गेलेला नाही, आणि त्याची नोंद घेतली पाहिजे. त्या शहराच्या विद्यापीठाने तर फार पूर्वीच आपल्या वचनातून देवाला रजा देऊन, विसावा विद्येला पोसतो अशा अर्थाचे शब्द घेतले होते. नगरसभेच्या ढालीखाली मात्र १७९७ चेच वचन आहे.

माझ्या मते ते काढून टाकू नये. काढले तर पुढच्या पिढीला विचारावयास काहीच उरणार नाही. त्याच्या शेजारी दुसरी फीत लावावी आणि तीवर मेलिबियसची बाजू लिहावी, असे मला वाटते. पण हेरल्ड अधिकाऱ्यांच्या वहीत त्याची सोय असेल असे दिसत नाही. तूर्त ती बाजू पाहावयाची असेल तर ढालीकडे न पाहता नगरभवनाच्या भिंतीकडे पाहावे लागते. ही इमारत १७५४ साली पुरी झाली. तिच्या बाहेरील अंगास वरच्या बाजूने एक कोरीव पट्टा फिरविलेला आहे, आणि गावाचा व्यापार कोठवर पोहोचला होता हे दाखविण्यासाठी शिल्पकाराने त्यात हत्ती, मगर ह्यांच्या जोडीने आफ्रिकी माणसांचे चेहरे खोदले आहेत. मालाच्या यादीत त्याने त्यांना धरले. ते अजून तेथेच आहेत, आणि खाली नगरसभेच्या दारातून कोण आत जाते व कोण बाहेर येते ते पाहत आहेत.